चाकाच्या कमानीतील अस्तराशी होणारे टायरचे घर्षण : कारणमीमांसा व उपाययोजना

प्रस्तावना :
मोटारगाडीचे प्रत्येक चाक पत्र्याच्या कमानीखाली फिरते. या कमानीच्या आतील बाजूस प्लॅस्टिकचे किंवा दाबलेल्या तंतूंचे अस्तर बसविलेले असते. गॅरेजच्या भाषेत त्यास 'फेंडर लायनर' असे म्हणतात. चिखल, पाणी व खडी यांपासून पत्र्याचे आणि त्यामागील वायरिंगचे रक्षण करणे हे त्याचे कार्य होय. टायर या अस्तरास घासू लागला की अनेकदा अस्तराचा तेवढा भाग कापून टाकला जातो. आवाज थांबतो, कारण मात्र तसेच राहते. प्रस्तुत लेखात या घर्षणाची कारणे, निदान व उपाय यांचा क्रमाने विचार केला आहे.

अंतराचे गणित :
टायरवरील '१८५/६५ आर १५' या अंकनात १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ ही बाजूच्या भिंतीच्या उंचीची रुंदीशी असलेली टक्केवारी व १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. त्यानुसार या टायरचा एकूण व्यास ६२१.५ मि.मी. येतो. त्याऐवजी २०५/६५ आर १५ टायर बसविल्यास व्यास ६४७.५ मि.मी. होतो. म्हणजे टायर व कमान यांतील अंतर वरच्या बाजूस १३ मि.मी. आणि प्रत्येक कडेस सुमारे १० मि.मी. कमी होते. शिवाय मूळचा वेगदर्शक अचूक असल्यास तो ताशी ८० कि.मी. दाखवीत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे ८३ कि.मी. असतो. रिम बदलताना 'ऑफसेट' ४५ वरून ३५ मि.मी. झाल्यास, टायर तोच असूनही चाक १० मि.मी. बाहेर सरकते.

खुणांवरून निदान :
उभ्या गाडीत टायर मोकळा दिसला म्हणून घर्षण नाही, असे अनुमान काढता येत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर व भार पडल्यावर चाकाची जागा बदलते. अस्तरावरील चकाकी आलेली खूण हाच येथे प्रमुख पुरावा ठरतो.

(१) खूण अस्तराच्या पुढील वा मागील कडेस असल्यास वळणावेळी घर्षण होते; टायरचे माप किंवा ऑफसेट तपासावा.
(२) खूण माथ्यावर असल्यास गतिरोधकावर वा भरलेल्या गाडीत घर्षण होते. स्प्रिंग बसली आहे का, गाडी मुद्दाम खाली केली आहे का, हे पाहावे.
(३) खूण एकाच बाजूस असल्यास निखळलेली क्लिप, तुटलेली स्प्रिंग किंवा जुन्या अपघाताची सदोष दुरुस्ती संभवते.

उपाययोजना :
प्रथम सैल अस्तर नव्या क्लिपांनी घट्ट करावे; कित्येकदा एवढ्यानेच काम भागते. माप बदललेले असल्यास उत्पादकाने नेमून दिलेल्या मापाकडे परतणे हा खात्रीचा उपाय होय. बसलेल्या स्प्रिंगा एका आसावर जोडीने बदलाव्यात. घर्षण अगदी अल्प असल्यास प्लॅस्टिकचे अस्तर काढून, ते बेताने गरम करून मागे दाबता येते. मात्र मागील वायरिंगला ते टेकणार नाही हे पाहावे. कापणे हा शेवटचा मार्ग समजावा. कापलेल्या जागेतून पावसाळ्यात चिखल आत जाऊन साचतो व पत्रा गंजतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत, याचेही भान ठेवावे.

धोक्याची मर्यादा :
मऊ अस्तरावरील किरकोळ घर्षणाने टायरची हानी सहसा होत नाही. परंतु अस्तर झिजून स्क्रू, पत्र्याची कड वा सस्पेन्शनचा भाग टायरला लागू लागल्यास बाजूची भिंत कापली जाते. या भिंतीतील धागे उघडे पडल्यास टायर दुरुस्त करता येत नाही. तो बदलावाच लागतो. भरलेल्या गाडीने घाट उतरताना असा टायर फुटणे जीवघेणे ठरू शकते.

समारोप :
सारांश, घर्षणाचा आवाज हा दोष नसून दोषाची सूचना आहे. खूण पाहणे, माप घेणे आणि मगच उपाय करणे, हा क्रम पाळल्यास खर्च वाचतो व प्रवासही सुरक्षित राहतो.