फ्लोरिनची तडजोड
कार्बन नॅनोट्यूबची ताकद ऐकायला भारी. पण या नळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटतात की त्यांच्या जुड्या सुटत नाहीत आणि बहुतेक द्रावकांत त्या मिसळतही नाहीत. हा दोष त्यांच्या परिपूर्णतेचाच. भिंतीतला प्रत्येक कार्बन अणू तीन शेजाऱ्यांत गुंतलेला, इतर रसायनांना तो सहसा दाद देत नाही. १९९८ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात मार्ग्रेव्ह, स्मॉली आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिन वायू वापरून ही भिंत नमवली. तापमान ३२५ अंश सेल्सिअसपर्यंत ठेवले, तर दर दोन कार्बनमागे एक फ्लोरिन बसू शकतो आणि नळी शाबूत राहते. ५०० अंशांना मात्र बहुतेक नळ्या मोडतात. फ्लोरिन बसलेल्या नळ्या आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळतात.

फ्लोरिन जोडला की वीजवाहक नळी विद्युतरोधक बनते, मग मिळवले काय, हा आक्षेप रास्त आहे. पण हायड्रॅझिन तो फ्लोरिन काढून घेते आणि वाहकता बरीचशी परतते. सगळी नव्हे, भिंतीवर थोडे व्रण उरतातच. शिवाय फ्लोरिनच्या जागी अमाइन गट बसवून नळी इपॉक्सीशी पक्की बांधता येते. (आणि हेच काम खरे उपयोगाचे.) विजेच्या तारेसाठी ही नळी नको, मजबूत संमिश्र पदार्थांसाठी जरूर घ्यावी.