ठेचा शोधायला मेक्सिकन दुकानात!

ऑनसाइटला निघताना आईनं भांडगावहून ठेच्याची बरणी दिली होती. तीन आठवड्यांत तिच्यात खडखडाट! मग सुरू झाली शोधमोहीम. न्यू जर्सीतल्या एडिसनचा ओक ट्री रोड म्हणजे मिनी इंडियाच. पंजाबी लोणचं, गुजराती छुंदा, आंध्राचा गोंगुरा, सगळं हजर. ठेचा मात्र गायब.

एका वीकेंडला सहज मेक्सिकन दुकानात शिरलो, तर समोर चक्क दगडी खलबत्ता! त्याचं नाव मोल्काहेते. शेजारी हिरव्यागार सेरानो मिरच्या. ट्यूब पेटली. अहो, मिरची मूळची तिकडचीच की! सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली. ते दगडावर वाटून साल्सा करतात, आपण ठेचा.

घरी येऊन मिरच्या, लसूण तेलावर परतले. दाणे, जाडं मीठ घालून ठेचलं. पहिल्याच घासाला ठसका! लगेच आईला फोन.

"जमलं की रं! म्हणजे आता पाठवायला नको," ती म्हणाली आणि गप्प झाली.

"छे गं, पाठवच," मी म्हटलं. "तुझ्या हाताची सर नाही याला."

खोटं नव्हतं ते. तुम्हीही मोल्काहेते जरूर घ्या, पण आईला बरणी भरायला सांगाच.