तळ्याच्या जागी बहरलेली सारसबाग

स्वारगेटहून पर्वतीकडे निघालं की उजव्या हाताला झाडी लागते. आत शिरल्यावर मोठी हिरवळ आणि मधोमध उंचवट्यावर सिद्धिविनायकाचं मंदिर. पुणेकर या देवाला आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, कारण आज मुलं जिथे चेंडू खेळतात तिथे कधीकाळी पाणी होतं.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचं पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवून घेतलं. विस्तार सुमारे २५ एकर. मध्ये बेट राखलं आणि त्यावर बाग फुलवली, तीच सारसबाग. पुढे १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी या बेटावर गणपतीची स्थापना केली. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखानाही होता. त्यातल्या गेंड्याचं चित्र गंगाराम तांबट या चित्रकाराने काढलं होतं.

काळाच्या ओघात तळं आटत गेलं. विसाव्या शतकात पुणे महापालिकेने या जागेचा कायापालट केला. शेजारी १९५३ मध्ये पेशवे पार्क हे प्राणिसंग्रहालय उभं राहिलं आणि १९५६ मध्ये तिथे ‘फुलराणी’ ही छोटी रेल्वे धावू लागली. साठच्या दशकात तळ्याच्या जागी आजची बाग आकाराला आली. १९९९ मध्ये प्राणी कात्रजच्या नव्या संग्रहालयात गेले. मोकळ्या झालेल्या जागेत ऊर्जा उद्यान आलं, तिथे मुलं खेळता खेळता सौरऊर्जेची ओळख करून घेतात.

तळ्याची खूण मात्र पुसली गेली नाही. मंदिराच्या पायथ्याशी पाण्यात कमळं फुलतात. थंडी पडली की बाप्पाला स्वेटर आणि कानटोपी चढते. दिवाळीच्या पहाटे पणत्यांनी बाग उजळते, मित्रमंडळी आणि कुटुंबं एकत्र जमतात. बाहेरच्या चौपाटीवर भेळेच्या गाड्यांभोवती संध्याकाळी गर्दी असते.

पेशव्यांच्या विहारासाठी राखलेली ही जागा आज साऱ्या पुण्याची आहे, आणि हेच या बदलाचं खरं यश. सप्टेंबर २०१९ च्या पुरात आंबिल ओढ्याने शहराला आपल्या जुन्या वाटेची जाणीव करून दिली. म्हणून पुढच्या कुठल्याही नूतनीकरणात इथलं काँक्रीट वाढू नये, पाणी मुरवणारी माती आणि जुनी झाडं जपली जावीत. त्यासाठी महापालिकेइतकंच पुणेकरांनीही जागं राहायला हवं.