जुनी गाडी पिकअप का घेत नाही?



आपल्या सभासदांपैकी पुष्कळांचा भाऊ, मुलगा किंवा जावई नोकरीधंद्यानिमित्त वसई-विरारकडे राहतो. कोणाकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे, कोणाकडे कार्बोरेटरची मारुती 800. सणावाराला ही गाडी घाट चढून गावी येते. अशा गाडीची एक तक्रार गटसभेतही कानावर येते : "रेस दिली की गाडी गचका खाते, क्षणभर मान टाकते, मग उचलते." पाठोपाठ प्रश्न येतो, "साहेब, हे आपल्या इथेनॉलमुळं होतंय का?" प्रश्न आपल्या पिकाशी निगडित आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा दोष किरकोळ समजू नये. वसई फाट्यावर अहमदाबाद महामार्गाला लागताना मागून ट्रक येत असतो. कसारा घाटात ओव्हरटेक करताना गाडीने मान टाकली तर जिवावर बेतते.

ऊस पिवळा पडला की काहीजण थेट युरियाचे पोते फोडतात. चुनखडीच्या रानात तो पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा असेल तर युरिया वाया जातो. गाडीचेही तसेच आहे. आधी लक्षण पाहावे, मग खर्च करावा.

गचका केव्हा बसतो, हे आधी पाहा

1) उभ्या गाडीला किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये एकदम रेस देताच गचका बसत असेल, तर कार्बोरेटरचा अ‍ॅक्सिलरेटर पंप, हवेची गळती किंवा करंटचा टायमिंग यांवर संशय घ्यावा.

2) सपाटीला गाडी नीट पळते, पण चढावर किंवा वेगात दमते, तर पेट्रोल पुरेसे पोचत नाही. फिल्टर, पेट्रोल पंप, रबरी पाइप आणि टाकी तपासावी.

3) पावसाळ्यात, दमट सकाळीच त्रास होतो, तर प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्यूटर, ज्याला मिस्त्री डेल्को म्हणतात, त्याचे झाकण पाहावे. खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत वायरींची टोके लवकर गंजतात.

4) भर उन्हात, ट्रॅफिकमध्ये अडकल्यावरच त्रास होतो, तर पाइपमध्ये पेट्रोलची वाफ धरत असावी.

तपासणी स्वस्तापासून सुरू करा

प्रथम एअर फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर. त्यानंतर प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर. पॉइंट जळालेले असतील तर कार्बोरेटर दहा वेळा खोलून उपयोग नाही. अंधारात इंजिन चालू करून वायरींकडे पाहावे. कुठे ठिणगी उडताना दिसली तर ती वायर बदलावी.

मग अ‍ॅक्सिलरेटर पंप. आपण एकदम रेस देतो तेव्हा हवा झटक्याने आत घुसते, पेट्रोल मागे राहते. ती तूट भरून काढायला हा पंप पेट्रोलची एक पिचकारी मारतो. इंजिन बंद व थंड असताना एअर फिल्टर काढावा, दुसऱ्याला रेसचा पेडल दाबायला सांगावे आणि कार्बोरेटरच्या तोंडात पाहावे. पेडल हलताच पिचकारी दिसली पाहिजे. उशिरा आली किंवा आलीच नाही, तर पंपाचा पडदा फाटला किंवा नळी तुंबली. जवळपास बिडी-काडी अजिबात नको.

डेल्कोला कार्बोरेटरकडून एक बारीक व्हॅक्यूम नळी येते. ती तडकली असेल, तर हवा गळते आणि टायमिंगही वेळेवर पुढे सरकत नाही. नळी फार थोड्या पैशांत मिळते.

आता इथेनॉलविषयी

6 फेब्रुवारी 2023 रोजी देशात 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली, आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळते. त्यात उसाबरोबर मका व तांदळाचेही इथेनॉल असते. 1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे 9 किलो. इंजेक्शनच्या गाड्यांतील सेन्सर हे ओळखून मिश्रण जुळवतो. जुन्या कार्बोरेटरचा जेट ठरलेला, त्यामुळे मिश्रण थोडे पातळ होते. पंप आधीच अशक्त असेल तर गचका उघडा पडतो. म्हणजे इथेनॉलचा काहीच संबंध नाही असे नव्हे, पण बहुधा मूळ दोष जुनाच असतो.

दुसरे, इथेनॉल टाकीतील जुना चिकट गाळ सोडवते. तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. जुने रबरही त्याने फुगते. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेही 2025 साली सांगितले आहे. पाइप व पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचाच मागावा.

तिसरे पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी जास्त झाले की इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतो, आणि इंजिनकडे जाणारी नळी तिथूनच ओढते. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले होते. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे पेट्रोल तपासल्याशिवाय ती सुरू करू नये. काचेच्या स्वच्छ बाटलीत टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल घेऊन तासभर स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवावी. महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नये.

गॅरेजला जाताना "गाडी बिघडली" एवढेच सांगू नका. गचका थंड इंजिनाला की गरम, चढाला की सपाटीला, पावसात की उन्हात, हे कागदावर लिहून न्या. मिस्त्रीचा वेळ वाचेल, तुमचा पैसा वाचेल, आणि चांगला कार्बोरेटर उगाच बदलला जाणार नाही. घाटाच्या प्रवासाआधी निदान आठ दिवस ही तपासणी उरकून घ्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी