झाकणाचा खटका

श्रोतेहो, भाईंदर पश्चिमेहून सकाळची लोकल गाठणाऱ्या माणसाच्या पिशवीत बहुधा जेवणाचा डबा असतो. गर्दीत तो आडवा होतो, चेपला जातो. आमटी कागदपत्रांवर सांडू नये, याची सारी भिस्त झाकणाच्या खटक्यावर! तुम्ही रात्री शेताला पाणी द्यायला निघता, तेव्हा हातातल्या बॅटरीचे सेलही पुष्कळदा असाच एक खटका धरून ठेवतो. तो मोडला की आलीच सुतळी गुंडाळायची पाळी.

भाईंदरच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी घडतात. स्टीलच्या डब्याला वेगळी कडी जोडता येते. प्लास्टिकच्या वस्तूत मात्र खटका अंगचाच ओतलेला असतो. एक लवचीक जीभ आणि तिच्या टोकाला आकडा, एवढाच त्याचा संसार. झाकण दाबले की जीभ वाकते, आकडा काठापलीकडे गेला की ‘खट्’ करून सरळ होते. बसल्यावरही ती वाकलेलीच राहिली, तर प्लास्टिक हळूहळू तेच वळण धरते आणि पकड जाते.

जीभ मोडते, मग जाड करा, असे आपण चटकन म्हणू. इथेच फसगत होते! तेवढेच वाकवायचे, तर दुप्पट जाड जिभेच्या मुळाशी ताणही दुप्पट पडतो. उलट लांबी दुप्पट केली, तर तो चौथाईवर येतो. गुरुजी, हे वर्गात दाखवता येईल. बांबूची कांब टेबलाच्या कडेला घट्ट धरा. आधी वीतभर बाहेर ठेवून टोक बोटभर खाली दाबा, मग अर्धी वीत ठेवून तेवढेच दाबून पाहा. मुले मागे उभी करा, कांब कडाडली तर डोळ्यांत जायची. लांबीला जागा नसेल तर जीभ दुमडतात. टीव्हीच्या रिमोटचे मागचे झाकण काढून पाहा.

आकड्याचे उतारही पाहावेत. आत शिरण्याचा उतार 30 अंशांच्या आसपास असला की झाकण सहज बसते. बाहेर येण्याचा 45 अंश ठेवला तर ओढून निघते. 90 च्या जवळ नेला तर जीभ दाबल्याखेरीज निघत नाही. रोजच्या डब्याला पहिला बरा, विजेच्या उपकरणाच्या पेटीला दुसरा, कारण घरात मुले असतात.

मालही पारखावा. पॉलिप्रॉपिलीन वाकते, साधे पॉलिस्टायरीन तडकते. जिभेच्या मुळाशी कोपरा गोल हवा, चीर धारदार कोपऱ्यातूनच सुरू होते. जुन्या डब्याला तिथे बारीक चीर दिसली, तर त्यात आमटी न देता भाकरी द्यावी.