वनस्पती-उद्यान आणि आपली कुटुंबे

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या नंदुरबार जिल्ह्यात वृक्षवल्लींचा तोटा नाही. मोह, साग, चारोळी यांचे रान हाकेच्या अंतरावर आहे. तथापि शहरातील सुशिक्षित घरांत गणेशचतुर्थीची एकवीस पत्री बाजारातून जुडीने येते, आणि तींतील आघाडा कोणता व माका कोणता हे ओळखणारी आजी घरी नसली, तर पूजा केवळ नावे उच्चारून उरकते. एका पिढीपाठोपाठ घरातील एक विद्याच अशी लोपत आहे. तिला आधार कोठे मिळेल, याचा विचार आम्हांस आवश्यक वाटतो.

इटलीतील पादुआ विद्यापीठाने १५४५ साली वनस्पती-उद्यान स्थापिले, ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस खरी औषधी ओळखता यावी म्हणून. आज पाश्चात्त्य विद्यापीठांच्या अशा उद्यानांत योगासने, निवांत फेरी, पानाफुलांची चित्रे काढणे असे वर्ग सामान्य नागरिकांकरिताही चालतात.

हा प्रकार आपल्याकडे अगदीच परका नाही. पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी उद्यानाचा कारभार १८३८ साली डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांजकडे आला. औषधी वनस्पतींची लागवड हे त्यांचे एक कार्य होते. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका चित्रकाराकडून वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पती-उद्यानात जतन केलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणासही ठाऊक नाही. पुढे गणेशखिंडीतील नव्या प्रासादाच्या खर्चासाठी दापोडीची जागा विकण्यात आली. तोच प्रासाद आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.

हिरवाईने प्रकृतीस कितपत लाभ होतो? रॉजर उलरिच यांनी १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सुमारे पाऊण दिवस लवकर घरी गेले, आणि त्यांस तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. एवढ्यावरून झाडास धन्वंतरी मानू नये, आणि पाला ओळखता आला म्हणून वैद्याचा सल्लाही सोडू नये. परंतु दिवसभर एका खोलीत बसून राहणाऱ्या आजोबांस झाडांखालची एक फेरी हितावहच होय.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांकरिता १९९० साली स्वतंत्र विद्यापीठ झाले. त्याच्या कक्षेतील ज्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकविले जाते, त्यांनी आपल्या बागेचे दार आठवड्यातून एक सकाळ कुटुंबांस उघडावे, अशी आमची सूचना आहे. प्रथम सावकाश फेरी घ्यावी. मग प्रत्येकाने एकाच झाडापुढे बसून त्याचे पान, त्याच्या शिरा, त्याची कड कागदावर उतरवावी. चित्र सुबक साधले नाही तरी चालेल. कारण पानाची कड दातेरी आहे की सरळ, हे चित्र काढणाऱ्यास पाहावेच लागते आणि पाहिलेले सहसा विसरत नाही. नावे सांगण्यास प्राध्यापकांबरोबर अक्राणीकडील जाणत्या भिल्ल-पावरा वृद्धांसही सन्मानाने पाचारण करावे व त्यांस योग्य मानधन द्यावे.

यास मोठा खर्च लागत नाही. घरोघरच्या कर्त्या मंडळींनी महाविद्यालयाकडे विनंती मात्र केली पाहिजे. येत्या भाद्रपदापर्यंत मुलांनी एकवीसांपैकी दहा पाने स्वतः ओळखून आणली, तरी आरंभ चांगला झाला असे आम्ही समजू.