घरच्या वेलीवरची लोणच्याची काकडी

जवळा बाजार गावच्या काळ्या मातीत वाळूक, शेंदाड सहज येतं, मग बरणीतली बोटभर गर्किन का येऊ नये? गर्किन म्हणजे काकडीच, फक्त 4 ते 8 सेंटीमीटरची कोवळी असताना तोडलेली. शेजारच्या कर्नाटकात शेतकरी ती कराराने पिकवतात आणि बहुतेक माल परदेशी जातो.

मोठ्या कुंडीत माती, थोडी वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. जूनच्या पावसावर दोन-तीन बिया टोका, वेल दोरीवर चढवा. पहिली फुलं बहुधा नर असतात, गळली तरी घाबरू नका. फुलांवर मधमाश्या येतात, तेव्हा औषध फवारू नका. पाण्याचा ताण पडला की काकडी कडू होते. पाच-सहा आठवड्यांत तोडा सुरू होतो. मग रोज वेल बघायचाच, एका रात्रीत काकडी फुगते!

लोणच्याआधी फुलाकडचं टोक कापा, नाहीतर काकडी मऊ पडते. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम मीठ, लसूण, मोहरी आणि शेपूच्या काड्या घाला. परदेशी लोणच्यातला डिल म्हणजे आपला शेपूच. काकड्या पाण्याखाली दाबून ठेवा, झाकण सैल ठेवा.

गर्किनचं बी मिळालं नाही, तर यंदा साध्या काकडीची कोवळी फळं तोडून करून बघा.